बुरोंडीचं हाड

वय त्रेसष्टला टेकलं तरी मथुराबाई पावसे डोक्यावर मासळीची पाटी घेऊन गावामागचा सडा चढायची थांबत नव्हती, आणि का थांबत नाही ते घरात कुणालाच कळत नव्हतं.

तशी चढायची गरज काहीच उरली नव्हती. बुरोंडीच्या बंदरावरून आता मासळी उडत जायची. बर्फाच्या पेट्या पोटाशी धरून ड्रोन सरळ दापोलीला नाहीतर खेडला उतरायचे. मुलगा हर्षद त्याच धंद्यात होता, दारात त्याचा विजेवरचा टेम्पो उभा असायचा. सून प्राची शाळेत शिकवायची. सासू रोज सकाळी पाटीखालची चुंबळ करायला बसली की प्राचीचा चेहरा उतरायचा.

"आई, लोक मला विचारतात, सासूला घरात जेवायला मिळत नाही का म्हणून."

"मिळतं म्हणून सांग," मथुराबाई म्हणायची. पाटी डोक्यावर घ्यायची आणि चालू लागायची. खाली खाडीचा वारा, वर जांभ्या दगडाचा चढ, चढ संपला की सपाट सडा आणि सड्यावरच्या वाड्या. बांगडे, मांदेली, कधी सौंदाळे. दुपारी रिकामी पाटी बगलेत घेऊन परत.

नवरा जनार्दन. त्याला गावात सगळे तांडेल म्हणत, घरातसुद्धा. उभा जन्म बोटीचा म्होरक्या म्हणून काढून, डोळ्यांनी दगा दिल्यावर त्याने बोट विकली होती. वादळातून त्याने बोट कशी परत आणली, जयगडच्या खडकांतून कशी वाट काढली, हे पाहुण्यांना सांगितल्याशिवाय घरात चहा होत नसे. मथुराबाईला त्या गोष्टी तोंडपाठ होत्या. कौतुक व्हायचं ते तांडेलाचं. आपण कौतुक करावं असं काही केलंय, हे तिच्याही कधी मनात आलं नव्हतं.

म्हणजे, नऊ वर्षांपूर्वीपर्यंत आलं नव्हतं.

त्या वर्षी दापोलीला हाडांच्या तपासणीचं शिबिर भरलं होतं. शेजारणीबरोबर मथुराबाई गेली. मशीनवरच्या पोराने तिची तपासणी केली, मग परत केली, मग डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी पुण्याहून आलेल्या एका बाईंना बोलावलं. सडपातळ, डोक्यावर ओढणी, बोलणं थेट खाडीकाठचं. त्या होत्या डॉक्टर नीलोफर मुकादम, मूळच्या दाभोळच्या, पुण्याच्या अस्थिप्रमाण केंद्रात संशोधन करणाऱ्या.

"मावशी, तुमचं वय चोपन्न ना?" नीलोफरने विचारलं. "तुमची हाडं तिशीतली आहेत. खाता काय तुम्ही?"

"मासे. दुसरं काय खाणार?"

"आणि काम?"

"वजन उचलते नि चढते."

नीलोफर हसली. मग तिने खुर्ची ओढून घेतली आणि आपण काय शोधतोय ते मथुराबाईला नीट समजावून सांगितलं.

अपघातात कुणाच्या पायाच्या हाडाचा चुरा झाला, तर त्याच्याच शरीरातल्या पेशी घेऊन नवं हाड वाढवायचं तंत्र तेव्हा नुकतंच हाती आलं होतं. त्याला नाव पडलं होतं 'रुजवलेलं हाड'. अडचण एवढीच होती की वाढवलेलं हाड खरोखर हाडासारखं झालंय की नाही, हे ओळखायचं कसं? क्ष-किरणात दोन्ही सारखीच दिसतात. फरक असतो तो आत, अणूंच्या मांडणीत.

"प्रत्येक अणूच्या पोटात एक बारीकसा लोहचुंबक असतो असं समजा," नीलोफर म्हणाली. "मोठ्या चुंबकात ठेवून त्याला रेडिओच्या लहरींनी हाक मारली की तो ओ देतो. कुठे बसलाय, शेजारी कोण आहे, त्याप्रमाणे त्याचा आवाज बदलतो. पातळ पदार्थात हे सगळे भिरभिरत असतात, त्यामुळे एकेकाचा आवाज वेगळा ऐकू येतो. हाडात मात्र जो तो आपल्या जागी घट्ट बसलेला. सगळे एकदम ओरडतात."

"लिलावाला ओरडतात तसे."

"तसेच. मग आम्ही काय करतो, हाडाचा कण तांदळाच्या दाण्याएवढ्या नळीत भरतो, नळी एका ठरावीक कोनात तिरकी धरतो, चोपन्न अंशांहून थोडी जास्त, आणि गरगर फिरवतो. सेकंदाला हजारो फेऱ्या. त्या कोनात फिरवलं की गोंगाट विरतो आणि एकेक आवाज सुटा होतो. हा चुन्याजवळचा फॉस्फरस, हा कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या दोरीतला कार्बन. सगळ्यांची मिळून एक रेघ उमटते, डोंगरांच्या रांगेसारखी. चांगल्या हाडाची रांग एकदा हातात आली की रुजवलेलं हाड तिच्याशी ताडून बघता येईल."

"मग चांगलं हाड पाहिजे."

"तेच शोधत देशभर फिरतेय, मावशी."

कमरेच्या हाडातून पेन्सिलीच्या टोकाएवढा तुकडा काढावा लागणार होता. जागा बधिर करतात, तरी दुखतं, हेही नीलोफरने लपवलं नाही. मथुराबाईने विचार करायला वेळ घेतला नाही. आपल्यापाशी काहीतरी चांगलं आहे, असं आजवर तिला कुणी म्हटलं नव्हतं. घरी तिने बहिणीकडे गुहागरला जाते म्हणून सांगितलं आणि ती पुण्याला जाऊन आली.

पुढे काही महिन्यांनी नीलोफर एकटीच बुरोंडीला आली. दोघी बंदराच्या धक्क्यावर बसल्या. देशभरातून आलेल्या नमुन्यांत सगळ्यांत स्वच्छ, सगळ्यांत नेमकी रेघ मथुराबाईच्या हाडाची आली होती. इथून पुढे देशातलं प्रत्येक रुजवलेलं हाड तिच्या हाडाशी ताडून पाहिलं जाणार होतं. त्याला नाव दिलं होतं 'प्रमाण एक'.

"कायद्याने आम्ही तुमचं नाव कुणाला सांगू शकत नाही," नीलोफर म्हणाली. "तुम्ही मात्र कुणालाही सांगू शकता. मर्जी तुमची."

"कुणाला सांगू? खरं कोण मानणार?"

तिने कुणालाच सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून पाटी सोडायचा विचारही तिने केला नाही. हर्षदने टेम्पो घेतला, ड्रोन आले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती चढत राहिली. ज्या हाडाशी लोकांची हाडं ताडून बघतात, ते घरात बसून राहिलं तर कसं चालेल, असं तिला वाटायचं. सड्यावर पोचून घाम पुसताना ती मनाशी म्हणायची, कुठेतरी कुणीतरी आज पहिलं पाऊल टाकत असेल. त्या आनंदात ती खाली उतरायची.

आणि मग रुजवलेली हाडं मोडायला लागली.

पहिली बातमी नागपूरची होती. मग सोलापूर, मग पुणे. दोन-तीन वर्षं नीट चाललेली माणसं साध्याशा कारणाने पडत होती आणि रुजवलेलं हाड काच तडकावी तसं तडकत होतं. सरकारने सगळ्या शस्त्रक्रिया थांबवल्या. हजारो माणसं दवाखान्यात खाटांवर अडकून पडली. एका संध्याकाळी पावसे कुटुंब जेवायला बसलेलं असताना भिंतीवरच्या पडद्यावर चर्चा चालू होती. टाय बांधलेला एक गृहस्थ तावातावाने बोलत होता.

"प्रमाणच खोटं आहे! ज्या बाईचं हाड घेतलं, तिला हाडांचा आजार असणार. नाव का लपवतात? कुणाच्या ओळखीतली असणार, दुसरं काय!"

"असणारच," हर्षद भात कालवत म्हणाला. "कुणाच्या तरी मावशीचं हाड घेतलं असेल."

मथुराबाईने हातातला घास ताटात ठेवला.

"ते हाड माझं हाय," ती म्हणाली.

 प्राची हसली, कारण तिला वाटलं सासूबाई थट्टा करताहेत. मथुराबाई हसली नाही. तिने शिबिरापासून धक्क्यापर्यंतचं सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढत गेला. "मला आजार? माझं हाड ठिसूळ? सडा चढून दाखवा म्हणावं त्याला, तो गळ्यात फडकं बांधलेला!"

हर्षद खाली मान घालून बसला. प्राचीच्या डोळ्यांत पाणी आलं. जनार्दन मात्र उठला, हात धुतले आणि बाहेर ओटीवर जाऊन बसला. मथुराबाई थोड्या वेळाने त्याच्यामागे गेली.

"नऊ वर्षं," तो म्हणाला. "नऊ वर्षं माझ्या शेजारी निजलीस नि बोलली नायस."

"सांगून काय झालं असतं?"

"मी लोकांना सांगितलं असतं!"

"तुम्ही लोकांना तुमच्या बोटीचं सांगता," मथुराबाई म्हणाली. "मध्ये माझं हाड कुठे बसवलं असतं?"

तिला त्याला दुखवायचं नव्हतं, पण शब्द तोंडातून गेले होते.  जनार्दन समुद्राकडे बघत राहिला, जरी त्या डोळ्यांना आता अंधारातला समुद्र दिसत नव्हता.

नीलोफर आठवड्याभरात आली. नऊ वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते आणि त्या दिवसांत तिला झोप मिळत नव्हती हे चेहऱ्यावर दिसत होतं. घरातल्या सगळ्यांसमोर ती बोलली.

"मावशी, तुमच्या हाडात काही खोट नाही. खोट आमच्या रीतीत होती. नमुना टिकावा म्हणून तेव्हा तो आधी पूर्ण वाळवत असत. जगभर तसंच करत. हाडातलं पाणी म्हणजे ओल्या फडक्यातलं पाणी, गेलं तर काय बिघडलं, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही."

तिने टेबलावर दोन वह्या एकमेकींवर ठेवल्या.

"हाडात खनिजाचे असे पातळ पापुद्रे असतात. आणि पापुद्र्यांच्या मध्ये पाण्याचा एक थर असतो, अगदी नेमका, मोजून बसवलेला. भार आला की त्या पाण्यावर पापुद्रे किंचित सरकतात." तिने वरची वही बोटाने हलवली. "म्हणून हाड लवतं, मोडत नाही. आमच्या वाळवलेल्या नमुन्यात तो थरच नव्हता. कारखान्यांनी त्याच्याशी ताडून हाडं वाढवली. पापुद्रे एकमेकांना चिकटून बसले. पाण्याला जागाच ठेवली नाही."

"म्हणजे सुकवून बघितलंत नि ताज्याचं माप काढलंत," मथुराबाई म्हणाली.

"हो, मावशी."

"मग दुसऱ्या कुणाचं घ्या आता ताजं," जनार्दन म्हणाला. त्या दिवसापासून तो घरात फारसा बोलला नव्हता.

"पाण्याचं माप त्याच हाडाचं हवं, काका, ज्याची बाकीची मापं आमच्याकडे आहेत. नाहीतर पुन्हा देशभर शोध, पुन्हा सगळी मोजणी. दोन-तीन वर्षं सहज जातील. तोवर ती माणसं खाटेवरच."  पुढचं नीलोफरला सांगायचं नव्हतं असं दिसलं, पण तिने सांगितलं. "एक धोका आहे. तेव्हा मावशी चोपन्न वर्षांच्या होत्या. आता त्रेसष्ट. हाड उतरलं असेल, तर ते नव्या मोजणीत दिसेल. मग 'प्रमाण एक' हे नाव काढून घ्यावं लागेल. आणि तो टीव्हीवरचा माणूस म्हणेल, बघा, मी सांगत होतो."

"मग कशाला जायचं?" हर्षद म्हणाला. "आई, तू दिलंस तेव्हा तुझं हाड एक नंबर होतं. ते तिथं कुपीत हाय तोवर तुझा नंबर तुझाच. कशाला पणाला लावतेस?"

मथुराबाईने त्याच्याकडे बघितलं. मग नीलोफरला विचारलं, "कधी यायचं?"

"मी येतो बरोबर," जनार्दन म्हणाला.

पुण्याच्या केंद्राला लागूनच दवाखाना होता. मथुराबाईला दोन खाटांच्या खोलीत ठेवलं. दुसऱ्या खाटेवर चाळिशीची एक बाई होती, शैलजा गव्हाणे, शिरूरची. शाळेचे गणवेश शिवायची. अपघातात नडगी गेली, रुजवलेलं हाड बसवलं, दोन वर्षं उत्तम चालली, आणि एक दिवस कुकर उतरवायला उठली तर पाय खालून निघूनच गेला. आता पाय लोखंडी कड्यांत अडकवून ती महिनोन्‌महिने पडून होती.

"तुमचं काय मोडलंय?" तिने मथुराबाईला विचारलं.

"माझं काय मोडलेलं नाय. तुकडा काढायला आणलंय."

"जपा हो. यांच्या नादी लागू नका," शैलजा म्हणाली. "कुणा बाईचं हाड नमुना म्हणून घेतलं म्हणे, आणि आमच्या पायात हे भरलं. ती बाई एकदा भेटायला पाहिजे मला. विचारणारे, बाई गं, तुझ्या पोरीच्या पायात घातलं असतंस का असलं हाड?"

जनार्दन दारापाशी स्टुलावर बसला होता. त्याने मथुराबाईकडे बघितलं आणि मान हलवली, बोलू नको म्हणून.

"विचार," मथुराबाई म्हणाली.

"काय?"

"ती मीच."

 शैलजाचा चेहरा लाल झाला. "तुम्ही? आणि तुम्ही इथं माझ्यासमोर धडधाकट बसलाय? तुमचं नाही मोडलं ते?"

"माझ्यात पाणी हाय. तुझ्यात भरायचं राहिलं. म्हणून तर आलेय."

"मला नका असलं काही सांगू. सगळे सांगतातच." शैलजाने उशीवरून मान उचलली. "मला एवढंच सांगा, ते हाड चांगलं होतं की नव्हतं?"

मथुराबाई उठली. खाटेवरचा टॉवेल पिळून तिने त्याची चुंबळ केली. शैलजाच्या खाटेखाली कपड्यांची, भांड्यांची भली मोठी पिशवी होती, महिनोन्‌महिन्यांचा संसार तिच्यात भरलेला. मथुराबाईने गुडघे वाकवून ती उचलली, एका झटक्यात डोक्यावर घेतली आणि हात सोडून दिले. मग ती खोलीबाहेर गेली. लांबलचक बोळातून ती शेवटपर्यंत चालत गेली, वळली आणि परत आली. मान ताठ, पाठ सरळ, पाऊल जिथे टाकायचं तिथेच. पिशवी हललीसुद्धा नाही. वॉर्डातल्या चालत्या-फिरत्या रोग्यांनी भिंतीकडे सरकून तिला वाट दिली.

"अहो आजी! उद्या तुमचं ऑपरेशन आहे!" नर्स ओरडत आली.

"म्हणून तर आज चालले," मथुराबाईने पिशवी उतरवत म्हटलं.

शैलजा रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. "असं चालायचं होतं मला," ती म्हणाली.

"चालशील."

दारातला जनार्दन उभा राहिला होता. बोट होती तोवर तो पहाटे समुद्रावर जायचा, तो परतायच्या आत ती पाटी घेऊन निघून गेलेली असायची; बोट विकल्यावरही तिच्या चालण्याकडे त्याने कधी निरखून बघितलं नव्हतं. लग्नाला चाळीसवर वर्षं झाली होती, पण डोक्यावर वजन घेऊन चालणारी आपली बायको त्याने अशी डोळाभर कधी बघितली नव्हती. आणि आता अधूनमधून धुरकट दिसणाऱ्या त्या डोळ्यांनी त्याने ती बघितली.

दुसऱ्या दिवशी तुकडा काढला. दुखलं, पहिल्या वेळेपेक्षा जास्त. मथुराबाईने खाटेची कड धरून ठेवली आणि तोंडातून आवाज काढला नाही. तुकडा बर्फात ठेवून, हवा न लागू देता, पाण्यासकट त्या तांदळाएवढ्या नळीत बंद केला. चुंबकाच्या खोलीत जायला कुणाला परवानगी नव्हती, पण नीलोफरने मथुराबाईला चाकांच्या खुर्चीवरून काचेपर्यंत नेलं. आत पांढऱ्या टाकीसारखं उभं यंत्र होतं, माणसाहून उंच. नळी फिरायला लागली तशी काचेतून बारीक शीळ ऐकू आली.

"तुमचं हाड आहे ते. गातंय," नीलोफर म्हणाली.

"किती वेळ गाणार?"

"पाण्याचा आवाज फार बारीक असतो, मावशी. पुन्हापुन्हा ऐकून बेरीज करावी लागते. दिवस लागतील."

सहा आठवडे वजन उचलायचं नाही, असं सांगून त्यांनी तिला घरी पाठवलं.

पहिल्याच सकाळी जनार्दन बंदरावरून बांगडे घेऊन आला आणि प्राचीला म्हणाला, "ती पाटी दे."

"तुम्ही?" मथुराबाई खाटेवरून उठून बसली. "तुम्ही मासळी विकणार? पुरुष माणूस? लोक हसतील तुम्हाला."

"हसू देत. डोक्यावर घ्यायला जमणार नाय, खांद्यावर घेतो."

तो गेला आणि दुपार टळल्यावर परत आला तो थेट ओटीवर टेकला. खांदा सोलवटला होता. निम्मी मासळी परत आणली होती. मथुराबाईने खांद्याला खोबरेल लावलं.

"हे तू रोज?" त्याने विचारलं.

"रोज."

"पावसात?"

"पावसात बोटी बंद असतात, तुम्हालाच ठाऊक. तेव्हा सुकी घेऊन जाते."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशीही. हर्षदने टेम्पोने सोडतो म्हटलं तर त्याच्यावर खेकसला. हळूहळू परतताना पाटी रिकामी यायला लागली. मथुराबाईला नवल वाटलं, कारण या माणसाला घासाघीस करता येत नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

चौथ्या आठवड्यात नीलोफरचा फोन आला. मथुराबाई ओटीवर होती.

"मावशी, पाणी सापडलं!" नीलोफर आधी हेच म्हणाली. मग तिने श्वास घेतला. "पापुद्र्यांमध्ये किती, कुठे, कसं बसलंय, सगळं स्वच्छ दिसलं. आणि बाकीची रेघ नऊ वर्षांपूर्वीच्या रेघेवर ठेवून बघितली. जवळजवळ एकच आहे. एक-दोन ठिकाणी वय दिसतं, पण ते दिसायलाच हवं. त्रेसष्टाव्या वर्षी असं हाड आम्ही कुणाचंच बघितलं नाही. काय केलंत हो तुम्ही या नऊ वर्षांत?"

"चढत राहिले," मथुराबाई म्हणाली.

पलीकडे नीलोफरने ते लिहून घेतलं.

"शैलजाचं नवं हाड या मापाने वाढायला घातलंय. पहिलं तिचंच. आणि एक ठरलंय. इथून पुढे एकाच माणसावर भार टाकायचा नाही. मेळघाटातून एक, लडाखमधून एक, असे आणखी चौघे शोधणार. दर काही वर्षांनी सगळ्यांची ताजी मोजणी. चालेल ना तुम्हाला?"

"का नाय चालणार? एकटीने किती जणांचं वजन उचलू?" मथुराबाई हसली.

"आणि निष्कर्ष छापायचे आहेत. नाव घालू का तुमचं? नाही म्हणालात तरी चालेल."

मथुराबाईने समोर बघितलं. बंदरावर बोटी लागत होत्या, वर ड्रोनची रांग निघाली होती.

"घाल," ती म्हणाली. "मथुरा जनार्दन पावसे. आणि बुरोंडी लिही. दापोली नको लिहूस, लोक सगळं दापोलीच्या नावावर खपवतात."

फोन ठेवल्यावर तिला घरात बसवेना. वजन उचलायला बंदी होती, चालायला नव्हती. प्राचीला सांगून ती रिकाम्या हाताने चढाला लागली. कमरेत कळ येत होती, म्हणून सावकाश, दगड बघून पाऊल टाकत. डोक्यावर काही नसताना हा चढ आपण कधी चढलोय, हे तिला आठवेना.

सड्यावरच्या पहिल्या वाडीत पिंपळाच्या पारावर बायका जमल्या होत्या आणि मधे पाटी ठेवून जनार्दन बसला होता. मथुराबाई करवंदीच्या जाळीपाशी थांबली. तिच्याकडे त्याची पाठ होती. बोटीची गोष्ट सांगताना लागायचा तोच खणखणीत आवाज त्याला लागला होता.

"साधंसुधं नाय ते! तांदळाच्या दाण्याएवढ्या नळीत घालतात नि असं गरगर फिरवतात. सगळ्या देशाची हाडं त्याच्याशी ताडतात. पुण्यात मी स्वतः बघितलं, हात सोडून, एवढी पिशवी डोक्यावर, नि बाई अशी गेली, अशी आली! बोटीवर एवढी वर्षं काढली, पण असं तोल सांभाळणारं माणूस मी बघितलं नाय."

"मग आता कशी हाय ती?" एका म्हातारीने विचारलं.

"बरी हाय. पण तिला सध्या वजन उचलायचं नाय. सरकारी हाड हाय ते!"

बायका हसल्या. त्यातल्या एकीने मथुराबाईला बघितलं आणि ती उठून उभी राहिली. मग दुसरी. जनार्दनने वळून बघितलं. दूरचं त्याला नीट दिसत नव्हतं, पण चालीवरून त्याने ओळखलं.

"काय झालं गो? फोन आला?" त्याने घाबरून विचारलं.

"आला. टिकलं," ती म्हणाली. "पाणीपण सापडलं. आणखी चौघं शोधणारेत म्हणे, माझ्या जोडीला."

"पण पहिली तूच ना?"

"त्यात पहिलं-दुसरं नसतं ओ."

"असतं!" तो म्हणाला आणि बायकांकडे वळला. "ऐकलंत? टिकलं!"

म्हातारीने पारावर हात ठोकून बसायला जागा केली. कुणीतरी तांब्या-भांडं आणलं. मथुराबाई बसली, पाणी प्याली. पलीकडच्या वाडीतून दोघी-तिघी गडबडीने येत होत्या, कारण त्यांना अजून गोष्ट ऐकायची होती. जनार्दनने घसा खाकरला आणि दापोलीच्या शिबिरापासून पुन्हा सुरुवात केली. शिबिराला गेली तेव्हा ती पन्नाशीत होती म्हणाला.

"चोपन्न," मथुराबाईने त्याला दुरुस्त केलं आणि पुढचं त्याला सांगू दिलं.